भांडण नाका

नवरदेवाच्या डोक्याच्या वर स्टेजला लावलेला, झेंडूच्या माळांत मढवलेला बोर्ड भगवान ओव्हाळला मांडवाच्या दारातूनच दिसला. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: भांडण नाका. 'भ'च्या गाठीला दिलेला तो जरासा पोटफुगा वळसा त्याने हजार पाट्यांतून ओळखला असता. ओळखणारच, तो त्यानेच दिला होता.

"तोच आहे, मॅडम," तो डीजेच्या आवाजावर ओरडून म्हणाला. "आपला सातवा."

अमृता मॅडम पालिकेत कनिष्ठ अभियंता. वय अठ्ठावीस, नोकरीत येऊन वर्ष झालेलं, आणि कल्याणहून मोहन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या, दुभाजक आणि झेब्रा पट्टे तिच्या गळ्यात. दुपारी डबा खाता खाता मोबाईलवर कोणाची तरी हळद दिसली, नाचणारा नवरदेव दिसला, त्याच्या मागे बोर्ड दिसला, आणि पोळीचा घास हातात तसाच ठेवून ती उठली. भगवान पालिकेचा पेंटर. निवृत्तीला सतरा दिवस राहिलेला माणूस, पण बोर्ड सापडला म्हटल्यावर पान्यांची पेटी घेऊन तिच्या आधी पिकअपमध्ये जाऊन बसला होता.

आता चार वाजले होते आणि सगळा गाव पिवळा झाला होता. सरकारी कारवाईचा एक शब्द तोंडातून निघायच्या आत दोन बायकांनी अमृताच्या दोन्ही गालांना हळद फासली. डीजेवाल्याने माइकवरून पालिकेच्या पाहुण्यांचं स्वागत केलं. भगवान स्टेजवर चढला तो बोर्ड काढायला, पण पोरांना वाटलं काका नाचायला आले. हातातला पाना उंच धरून त्याला दोन फेर धरावेच लागले, त्याशिवाय कोणी वाट देईना. खरं सांगायचं तर दुसऱ्या फेरात त्याची पावलं बरी पडायला लागली होती. नवरदेव धनेशने त्याला मिठी मारली आणि भगवानचा खाकी शर्ट कायमचा बाद झाला.

मग त्याने एक स्टूल ओढलं, वर चढला आणि बोर्डाच्या नटाला पाना लावला. तेव्हा कुठे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि डीजे थांबला. गर्दीतून नवरदेवाचे काका परशुराम पाटील पुढे आले. पांढराशुभ्र सदरा, गळ्यात बोटाएवढी साखळी, आणि रागवायचं की हसायचं ते अजून ठरलेलं नाही असा चेहरा. अमृताने हळदीच्या गालांनी जमेल तेवढं कडक होत सांगितलं की ही सरकारी मालमत्ता आहे, तिची चोरी झालेली आहे आणि पोलिसात तक्रार द्यावी लागेल.

"चोरी कसली, मॅडम?" परशुरामशेठ म्हणाले. "आपले घरचा बोर्ड आपले मांडवान आनला. यो भांडान आमचे आज्याचा हाय."

आणि त्यांनी तिथेच, नवरदेवाला पाटावर ताटकळत ठेवून, हकीकत सांगितली. त्यांचे आजोबा जोमा पाटील आणि चुलत आजोबा पदू पाटील यांच्या शेताच्या मधल्या बांधावर एक ताड होता. मूळ जोमाच्या शेतात, शेंडा वाकलेला पदूच्या शेतावर. ताडीचं मडकं कोणाचं यावरून दोघा भावांत असं काही जुंपलं की तीन दिवस लोकांनी शेतं टाकून तेच बघितलं. ते भांडण ज्या जागी झालं तो भांडण नाका. मांडवातल्या जाणत्या माना डोलल्या. एकाने तर ताडाची उंचीसुद्धा हाताने दाखवली.

अमृता कधी नव्हे इतकी खूश झाली. तिने खिशातून पेन काढून दोन्ही आजोबांची नावं तिथेच हातावर लिहून घेतली. स्टुलावरच्या भगवानचा पाना मात्र नटावर तसाच राहिला. भांडण नाक्याचं भांडण कोणाचं होतं हे आता जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस स्टुलावर उभा होता.

तेहतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भगवानला पालिकेत लागून दोन वर्षं झाली होती. लग्नाला वर्ष. मोहन्याच्या चाळीत, वडिलांच्या रेयॉन कंपनीतल्या नोकरीच्या पुण्याईने मिळालेल्या खोलीवर त्याने आदल्या रात्री झोकात स्वतःची पाटी लावली होती: भगवान गणपत ओव्हाळ, पेंटर. सकाळी यशोधरा पाणी भरून आली, पाटीसमोर हंडा घेऊन उभी राहिली आणि तिथून जी सुरुवात झाली ती अर्धा तास चालली. साऱ्या जगाच्या पाट्या रंगवता, माझ्या नावापुरता रंग उरला नाही का, असा तिचा मुद्दा होता. भगवानचा मुद्दा काय होता ते त्याला नंतर कधी आठवलं नाही. डबा न घेता तो तरातरा निघून गेला.

कामाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: भांडार नाका. तिथे तेव्हा सोसायटीचं धान्य भांडार होतं, दगडी, पत्र्याच्या छपराचं. भगवानने खांबाला लावलेल्या कोऱ्या पत्र्यावर शिरोरेषा ओढली आणि मनातल्या मनात बायकोला उत्तरं देत देत अक्षरं भरत गेला. सगळी बिनतोड उत्तरं त्याला आता सुचत होती. बारा वाजता यशोधरा बसने डबा घेऊन आली. रागातच आली होती. खांबाशी थांबली, वर बघितलं आणि सातवी पास बाईने सावकाश, एकेक अक्षर मोजत वाचलं, "भां-ड-ण ना-का."

भगवानने मान वर करून आपलीच अक्षरं वाचली. चिठ्ठीवर भांडार होतं. त्याने घासलेटचा बोळा उचलला, तर तिने त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने खांब धरला होता, कारण हसून हसून तिला उभं राहवत नव्हतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या अक्षरांत भांडण कबूल करणारा नवरा मी पहिल्यांदाच बघतेय."

त्याने राहू दिलं. मुकादमाने वर बघितलंच नाही. पंधरा दिवसांत रिक्षावाले भांडण नाका म्हणायला लागले, दोन वर्षांत बसच्या तिकिटावर आलं, पुढे भांडार पडलं, तिथे मोबाईलचं दुकान झालं आणि भांडार कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही. चाळीच्या पाटीवर यशोधराचं नाव त्याच संध्याकाळी चढलं होतं. पण खरी पाटी तिची ही होती. बस नाक्याजवळ आली की ती कोपराने ढोसायची आणि हळूच म्हणायची, उतरायचं का, आपला स्टॉप आला. शेवटच्या वर्षी डायलिसिसला जाताना रिक्षात मान टाकून बसायची, तरी नाका आला की डोळे उघडायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मोहन्याला जायला दुसरा, जवळचा रस्ता झाला होता, पण भगवान अजून नाक्यावरूनच जायचा.

आणि नेमकी ती गेल्यावरच या चोऱ्या सुरू झाल्या. इतकी वर्षं त्या बोर्डाकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. मग कोणीतरी त्याच्यासमोर उभं राहून व्हिडिओ केला, तो लाखभर लोकांनी बघितला, आणि नव्या जोडप्यांना लग्नात भेट द्यायला भांडण नाक्यासारखी दुसरी वस्तू नाही असा शोध सगळ्यांना एकदम लागला. पहिला बोर्ड गेला तेव्हा भगवानने नवा रंगवला. दुसरा गेला तेव्हा बोल्ट वेल्डिंग करून टाकले. तिसरा पत्रा कापून नेला. मग त्याने खांब चौदा फूट उंच केला, तर चोर टेम्पोच्या टपावर चढले. खांबाला ग्रीस फासलं, तर दुसऱ्या दिवशी खांब पुसून लख्ख, जाताना आभाराची चिठ्ठी चिकटवलेली. पाचवा बोर्ड डोंबिवलीत एका फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दारावर सापडला. घरातल्या सासूबाईंनी तो परत देताना अगदी रडवेला चेहरा केला.

सहाव्याच्या वेळी मात्र भगवानने डोकं चालवलं. बोर्डाच्या पाठीवर लाल रंगात लिहिलं: हा बोर्ड ज्याच्या घरात जाईल त्याच्या घरात रोज भांडण होईल. लिहिल्यावर त्याला स्वतःलाच शरमल्यासारखं झालं. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्या घरातला माणूस, शापबीप मानणारा नव्हे, आणि बसला शाप रंगवत. पण औषध लागू पडलं. चार महिने बोर्ड जागचा हलला नाही. पाचव्या महिन्यात कोणीतरी पाठीचा फोटो टाकला, शापित बोर्ड म्हणून, आणि आठवड्यात तो गेला. पंधरा दिवसांनी खांबाच्या बुडाशी परत आणून ठेवलेला मिळाला. वर हार, पुढे नारळ. भगवानने पुन्हा लावला, पुन्हा गेला. मग रंगवलेला सातवा, तो हा, धनेशच्या हळदीतला.

हळदीहून परतताना पिकअपमध्ये अमृताने मांडीवरची फाइल उघडली आणि गालावरची वाळलेली हळद खरवडत त्याला सगळं समजावून सांगितलं. साहेब वैतागले होते. सात बोर्ड गेले, उपाय एकच, नावच बदलायचं. शेजारच्या नव्या टॉवरवाल्यांनी अर्जही दिला होता, त्यांना 'सुसंवाद चौक' हवा होता. सुसंवाद चौकाची पाटी कोण चोरणार? पण नाव बदलायच्या आधी लोकांचं ऐकून घेणं भाग होतं. नाव परंपरेने आलेलं निघालं तर ठेवायचं आणि त्याच्या रक्षणाचा पक्का बंदोबस्त करायचा. चुकीने पडलेलं निघालं तर मूळचं जे असेल ते लावायचं, नसेल तर नवं द्यायचं.

"आणि काका, आता परंपरा मिळाली की," अमृता म्हणाली. "जोमा पाटील, पदू पाटील. ताडाचं झाड. मी तर म्हणते आपण जिंकलो."

भगवानने मान हलवली. जिंकलो म्हणावं तर जिंकलेलं भांडण दुसऱ्याचं होतं. खरं सांगावं तर नावच जाणार होतं, आणि भांडार नाक्यावर यशोधरा कधी हसलेली नव्हती.

शनिवारी सकाळी अकरा वाजता गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी ठेवली होती. दहालाच हॉल भरला. गणपतीच्या मीटिंगला येत नाहीत एवढी माणसं भांडणाला आली होती. एका बाजूला गावकरी, धनेश नव्या नवरीसकट. दुसऱ्या बाजूला टॉवरवाले, आणि त्यांचे सेक्रेटरी सिद्धेश, लॅपटॉप घेऊन. टेबलामागे साहेब, शेजारी लिहून घ्यायला अमृता, आणि तिच्या मागे भिंतीला टेकून भगवान. त्याला बोलावलेलं नव्हतं. सातवा बोर्ड पुरावा म्हणून आणायचा होता, तो धरून उभा होता.

सिद्धेश आधी बोलले. माणूस वाईट नव्हता, त्रासलेला होता. लोक हसतात, कुरियरवाला फोन करून नाव दोनदा विचारतो, आणि पत्ता वाचून मुलींची स्थळं परत जातात.

"माझ्या बहिणीला बघायला आलेले," ते म्हणाले. "मुलाची आई खाली गेटवरूनच परत गेली. म्हणाली, भांडण नाक्याची सून नको. आता यात हसण्यासारखं काय आहे सांगा."

पण हॉल हसला. मागून कोणीतरी म्हणालं की आमच्या गावातल्या सुना तर भांडण नाक्यावरच नांदतायत. मग परशुरामशेठ उठले. ताडाची गोष्ट हळदीच्या दिवसापेक्षा दीडपट झाली होती. तीन दिवसांचे सात दिवस झाले होते, आणि मध्यस्थीला कल्याणहून मामलेदार घोड्यावर बसून आल्याचं नव्याने कळलं. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनासुद्धा गोष्ट आवडलेली दिसली, कारण ते पुढे झुकले होते. अमृताचं पेन धावत होतं.

"एवढ्या जुन्या काळचं कोणी बघितलेलं आहे का?" साहेबांनी विचारलं.

तेव्हा पहिल्या रांगेतून ठमाबाई उठल्या. जोमा पाटलांची सून, परशुरामशेठची काकू, वय नव्वदीला टेकलेलं. चाळीस वर्षं त्यांनी त्याच नाक्यावर सुकी मासळी विकली होती. परशुरामशेठनी कौतुकाने त्यांचा हात धरून त्यांना पुढे आणलं आणि मोठी चूक केली.

"भांडान?" ठमाबाई म्हणाल्या. "माझे सासऱ्याचा कोनी आवाज पन आयकला नय. गरीब मानूस. दोगं भाव येका मरक्यातली ताडी प्याचे."

हॉलमध्ये एकच गलका झाला. परशुरामशेठ म्हणाले की काकूंना आता नीट आठवत नाही. ठमाबाईंना हे ऐकू आलं आणि आपल्याला सगळं आठवतं हे दाखवायला त्या दुप्पट जोरात बोलायला लागल्या. नाका कुठवर होता, चिंच कुठे होती, कोण कुठे बसायचं. भगवानला पुढचं वाक्य यायच्या आधीच दिसलं.

"आनि त्या टायमाला हितं सोसायटीचा भांडार व्हता," ठमाबाई म्हणाल्या. "धान्याचा. भांडारचा नाका बोलाचे त्याला."

सिद्धेश ताडकन उभे राहिले. भांडार, भांडण. बुद्धिमान माणूस, त्यांच्या लगेच लक्षात आलं. सगळ्या टॉवरवाल्यांच्याही आलं. ही सरळ सरळ चूक आहे, साहेब, कोणीतरी लिहिताना चुकलंय आणि आम्ही ती चूक पत्त्यावर लिहितोय. साहेब मागे टेकून बसले आणि त्यांनी अमृताकडे बघितलं. अमृताचं पेन थांबलं होतं. मग तिने वळून मागे बघितलं. तिच्या डोळ्यांत नुसता प्रश्न नव्हता, आर्जव होतं.

"काका, या नाक्याच्या सगळ्या पाट्या तुम्हीच रंगवल्यात ना? पहिली पण?"

"हो, मॅडम."

"पहिल्या पाटीवर काय होतं? नीट आठवून सांगा. भांडार होतं का?"

हॉल इतका शांत झाला की बाहेर रस्त्यावरच्या रिक्षावाल्याची आरोळी आत आली, आणि तोही तेच नाव ओरडत होता. आयुष्यात दोनशे माणसांनी एकदम त्याच्याकडे बघितल्याचा हा पहिलाच प्रसंग. पेंटरकडे कोणी बघत नाही, पाटीकडे बघतात. त्याला एकदा वाटलं, सांगून टाकावं. चिठ्ठी, हंडा, डबा, सगळं. सांगितलं तर तिचं नाव निदान एकदा या हॉलमध्ये घेतलं जाईल. आणि त्यानंतर बाहेर रिक्षावाले काय ओरडतील, तेही त्याला कळत होतं.

"पहिल्या दिवसापासून मी भांडणच लिहिलंय," तो म्हणाला. "एकदासुद्धा दुसरं काही लिहिलेलं नाही."

आवाज त्याचा त्यालाच मोठा वाटला. गावकऱ्यांनी बाकं बडवली. धनेशने शिट्टी घातली आणि नव्या नवरीने त्याला डोळ्यांनी दटावलं. सिद्धेशनी आणखी दोन मुद्दे मांडले, पण ते कोणाला ऐकू गेले नाहीत. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि निकाल दिला. नाव राहील. मात्र पत्र्याची पाटी यापुढे नाही, असं काही उभारा की जे कोणाच्या बापाला उचलता येणार नाही. परशुरामशेठनी तिथल्या तिथे आपल्या खाणीतला दोन टनांचा काळा दगड जाहीर केला. अट एकच, दगडावर दोन्ही आजोबांची नावं हवीत.

गर्दी पांगली तेव्हा भगवान बोर्ड खांद्यावर टाकून शाळेच्या पायऱ्या उतरत होता. ठमाबाई कठड्याशी काठी टेकून थांबल्या होत्या. त्यांना ओलांडून त्याला जाता येईना.

"आजी, रागावलात का?"

"मी भांडार बोल्लो, तू भांडान बोल्लास," त्या म्हणाल्या. "दोगा बी खरा बोल्लो. जा."

दगडाचं काम भराभर झालं. भगवानने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मजकुराची चिठ्ठी तीन तीनदा तपासली. अमृताने कागद पुढे केला होता: भांडण नाका. खाली बारीक अक्षरांत: येथे जोमा पाटील व पदू पाटील या बंधुंमध्ये झालेल्या ऐतिहासिक भांडणावरून हे नाव रूढ झाले. तिने विचारलं, बरोबर आहे ना काका. त्याने बोट ठेवून 'बंधूंमध्ये'तला 'धू' दीर्घ करायला सांगितला. बाकी बरोबर आहे म्हणाला. ती एवढ्या उत्साहाने टेबलावरून उठून निघाली की त्याला तिचं कौतुक वाटलं आणि वाईटही वाटलं.

अक्षरं कोरली पाथरवटाने. क्रेनने दगड बसवला तेव्हा सगळा गाव बघायला लोटला होता. परशुरामशेठनी पेढे वाटले, धनेशने दगड हलतो का ते चार मित्र घेऊन करून बघितलं, नाही हलला तेव्हा सगळ्यांनी जल्लोष केला. सिद्धेशही आले होते. नाव आवडलं नाही पण दगड छान आहे, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले. उरलं होतं ते खोदलेल्या अक्षरांत पांढरा रंग भरायचं काम. ते भगवानच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी आलं. ऑफिसात चार वाजता निरोपाचा कार्यक्रम होता, शाल होती, अमृताने केक सांगितला होता. तो सकाळीच ब्रश आणि डबा घेऊन नाक्यावर येऊन बसला.

वरची मोठी अक्षरं त्याने तासाभरात भरली. पाथरवटाचा 'भ' सरळसोट, कारखान्यातून आल्यासारखा होता. त्याला त्याचा तो वळसा देता येण्यासारखा नव्हता. मग तो दगडापुढे मांडी घालून बसला आणि खालची ओळ घेतली. बारीक काम होतं. जोमा पाटील. ब्रश पुसला, पुन्हा बुडवला. पदू पाटील. त्याचा हात अजून थरथरत नव्हता, त्याचं त्याला बरं वाटलं. त्या ओळीत आणखी एका नावाला जागा नव्हती. त्याने ती मागितलीही नव्हती, आणि मागितली असती तर काय कारण सांगणार होता? एकदा त्याचे डोळे भरून आले, तेव्हा त्याने डोळे शर्टाच्या बाहीला पुसले आणि 'ऐतिहासिक'मधला 'स' पुरा केला.

अकराच्या सुमाराला एक जोडपं स्कूटरवरून उतरलं. ठाण्याहून आले होते, खास नाक्याचा फोटो काढायला. मुलीच्या हातातला चुडा अजून नवा होता. तिने दगडाला फेरी मारली, वरचं नाव मोठ्याने वाचलं आणि बसलेल्या भगवानकडे वाकून बघितलं.

"काका, तुम्ही इथलेच ना? भांडण नक्की कोणामध्ये झालेलं?"

भगवानने ब्रश डब्याच्या काठावर निथळू दिला. मुलगी थांबून राहिली होती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याने खालच्या ओळीवरची दोन्ही नावं तिला वाचून दाखवली, ताडाचं झाड सांगितलं, वाकलेला शेंडा सांगितला. सात दिवस चाललं होतं म्हणे, असंही सांगितलं. नवऱ्याने फोन वर धरला आणि ती दगडाला टेकायला वळली.

"टेकू नका," भगवान म्हणाला. "रंग ओला आहे."